तुफान थांबला कुठे!

घोड्याची मालिश करावी तर मीच! वीस वर्षं मी माणसांचे खांदे रगडले, पण माणूस फार बोलतो हो. घोडा कसा, बरं वाटलं की खालचा ओठ लोंबू देतो आणि एक जांभई देतो. तेवढी पावती मला पुरते.

काम दिलं मेहुण्याने. तो शर्यतीचे घोडे तयार करतो. म्हणाला, "भावोजी, तुफानचे पुठ्ठे आखडलेत. शनिवारी मालकासमोर चाचणी आहे. वेळ साधली नाही तर मालक त्याला विकणार आणि मला नारळ देणार!"

"तू निर्धास्त राहा रे!"

जनावर दचकू नये म्हणून हात लावण्याआधी मी रोज जीभ वाजवायचो, "च्यक् च्यक्!" चौथ्या दिवसापासून तो आवाज ऐकला की तुफान आपणहून पाठमोरा व्हायचा आणि सगळा भार माझ्या अंगावर टाकायचा. बरगड्या कळवळायच्या, पण ऊर अभिमानाने भरून यायचा.

शनिवार उजाडला. मालक घड्याळ घेऊन उभे. मेहुणा घामाने निथळत होता. "भावोजी, तुम्ही तिकडे लांब थांबा. कशालाही हात लावू नका!"

मी शेवटच्या वळणावर कठड्याला धरून उभा राहिलो. तुफान विकला गेला तर? मेहुण्याची नोकरी गेली आणि तो घरी बसला तर? घरी म्हणजे आमच्याच की!

तुफान सुटला. काय पळत होता! वळणावर आला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. आणि काळजी वाटली की माझी जीभ आपोआप वाजते.

"च्यक्... च्यक्... च्यक्..."

तुफानचे कान वळले. चारही पाय रोवून तो थांबला. स्वार त्याच्या मानेला लोंबकळला. तुफान मात्र शांतपणे वळला, पुठ्ठा कठड्याला लावला आणि खालचा ओठ सोडला.

"भावोजीऽऽ!"

"मी हातसुद्धा लावला नाही रे!"

"मग तो कुणाची वाट बघतोय?"

मालक तरातरा आले. "पाय गेला का याचा?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "पाय ठणठणीत आहे. त्याला... मालिश हवी आहे."

मालकांनी घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थोडा दम खाऊ द्या आणि पुन्हा पळवा. आणि या गृहस्थांना शेवटच्या रेषेपलीकडे उभं करा. वाजवू दे जीभ!"

तुफान ठरल्या वेळेच्या तीन सेकंद आधी पोचला! घोडा राहिला, मेहुण्याची नोकरी राहिली. माझी कला तेवढी मागे पडली. आता प्रत्येक चाचणीला मी रेषेपलीकडे उन्हात उभा राहून जीभ वाजवतो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. भावाची नोकरी वाचली म्हणून तिने आधी सुटकेचा निःश्वास टाकला. मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "चला! तुमच्याकडे धावत येणारं कुणीतरी भेटलं एकदाचं!"