पुठ्ठ्याच्या भाकऱ्या

"सतरा," सुधीरने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. "वीसपैकी सतरा. चारही गटांची सरासरी तीच."

"परत कर," स्मिता नवऱ्याला म्हणाली.

"तिसऱ्यांदा केलंय. ऑफिसचं बजेटसुद्धा मी एकदाच करतो."

स्मिता नेरूळच्या शाळेत चौथीला शिकवायची. तिचा एम.एड.चा प्रबंध सोमवारी वाशीला तिच्या मार्गदर्शकांपुढे, विलाससरांपुढे, ठेवायचा होता. त्यांची सही झाली नाही तर वर्ष वाया. अपूर्णांक शिकवण्याच्या दोन पद्धती तिने घेतल्या होत्या, एक खडू-फळा आणि दुसरी पुठ्ठ्याच्या गोल भाकऱ्या कापून. शाळा भरायची दोन वेळा, सकाळी आणि दुपारी. म्हणून मुलांचे गट चार, आणि शेवटी सगळ्यांना वीस गुणांची एकच चाचणी. पुठ्ठ्यावाली मुलं पुढे जातील आणि जेवून आलेली दुपारची मुलं पेंगतील, असा तिचा अंदाज होता.

"निदान पद्धत आणि वेळ यांचा एकमेकांवर काही परिणाम?"

"अगं, यांची एकमेकांशी ओळखसुद्धा दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळेच्या फाटकापाशी तेजसची आई पुतळाताई उभी होती. तिचं माहेर-सासर दोन्ही करावे गावातलं, आणि सासरची दोन मजली चाळ भाड्याने दिलेली. तेजस दुपारच्या फळ्याच्या गटात होता.

"पुतळाताई, तेजसला अपूर्णांक छान जमले हो," स्मिताने सहज म्हटलं.

"जमनारच! त्या तुकडीला तुमी भाकऱ्या दावता आनि आमच्या पोराला नुसता खडू? मंग मी घरान खरीच भाकर कापली. आता पोरगा अख्खी भाकर खात नाय. म्हनतो, आये, आधी पाव दे, मंग अर्धी दे, बेरीज करून खातो!"

स्मिताने घाईने विचारलं, "आणि दुपारी तो पेंगत कसा नाही?"

"भात बंद केलाय ना! तुमीच बोलल्या, दुपारची पोरं पेंगतात. आमी समद्यांनीच बंद केलाय."

शेजारी उभ्या गीतांजलीची मुलगी पुठ्ठ्याच्या गटात. तिलाही राहवलं नाही. "मॅडम, खरं सांगू? तुमच्या पुठ्ठ्याचं मला फुल टेन्शन होतं. परीक्षेत काय पुठ्ठा देणार आहेत? मी घरी फळाच आणला. रोज रात्री जेवणाआधी दहा गणितं."

"पण तुम्हाला गटांचं एवढं सगळं कळलं कसं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पालकसभेला तुम्हीच तर फळ्यावर चार चौकोन काढून समजावलं!"

ते खरं होतं. पालकांना अंधारात ठेवायचं नाही म्हणून तिने ते केलं होतं. पालकांनी मग मुलांनाही अंधारात ठेवलं नाही. फळ्याच्या मुलांना घरी भाकरी मिळाली, भाकरीच्या मुलांना फळा मिळाला, आणि दुपारच्यांचा भात गेला.

"म्हणजे माझे चार गट कधी नव्हतेच," ती घरी येऊन म्हणाली.

"एकच होता," सुधीर म्हणाला. "आयांचा. लिहून टाक तसं."

तिने रविवारभर बसून तसंच लिहिलं, काहीही न लपवता.

सोमवारी विलाससरांनी ते प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. प्रयोगाच्या नियंत्रणाबाबत, म्हणजे गट एकमेकांत मिसळू न देण्याबाबत, ते कुणाचं ऐकत नसत. स्मिता खुर्चीच्या काठावर बसली होती.

"फरक आढळला नाही, हाही निष्कर्षच असतो," ते शेवटी म्हणाले. "पण इथे 'काही मातांनी घरी दुसरी पद्धत वापरली' असं लिहिलंय. काही म्हणजे किती? मोघम चालणार नाही."

"सगळ्यांनी, सर."

"सगळ्यांनी? स्मिताबाई, तुमची मुलगी क्षिप्रा याच चौथीत आहे ना? कुठल्या गटात?"

"सकाळच्या. फळ्याच्या."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. स्मिताने पदर सारखा केला.

"सर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी सगळ्यांनी म्हटलं."

सरांनी 'काही' हा शब्द खोडला, वर 'सर्व' लिहिलं आणि खाली सही केली.