गव्हाचा हात

आमच्या सुर्वेकाकांनी आजवर कुठल्याही लग्नात आधी नवरा-नवरी पाहिलेली नाहीत. ते आधी हिंगाची डबी बघतात. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या पोरींना चुकवायचं, यजमानांचा नमस्कार चालता चालता घ्यायचा आणि तडक मागे चुलीपाशी जाऊन आचाऱ्याला विचारायचं, "हिंग कुठला?" आचारी त्या वेळी वरणाच्या टोपावर अर्धा वाकलेला असतो. त्याला वाटतं, कुणीतरी तपासणीचे साहेब आले. बिचारा पंच्याला हात पुसून डबी पुढे करतो.

काका चष्मा कपाळावर चढवतात, डबीवरची बारीक अक्षरं वाचतात आणि निकाल देतात, "यात गहू आहे."

"साहेब, हिंग आहे तो."

"हिंग नावापुरता. बाकी पीठ. आम्हा दोघांचं वरण फोडणीआधी बाजूला काढा. आणि त्याला गव्हाचा हात लावू नका."

तसे ते एके काळी साहेब होतेच. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. ते निवृत्त झाले तेव्हा रत्नागिरीतले दुकानदार सुटले आणि आचारी सापडले, एवढाच काय तो फरक. नोकरीतला तो आवाज, ती मान वाकडी करून बघायची सवय आणि "खात्री?" हा एकशब्दी प्रश्न त्यांनी घरी येताना बरोबर आणला. तुम्ही त्यांना म्हणालात, "काका, आज ऊन फार आहे," तरी ते म्हणणार, "खात्री?"

गव्हाचा हात म्हणजे कणीक मळलेला, पोळ्या लाटलेला, निदान गव्हाच्या डब्यात गेलेला हात. काकांच्या मते जगातले निम्मे हात गव्हाचे असतात आणि उरलेल्यांची खात्री देता येत नाही. हे सगळं एका आजारापायी. सीलिअॅक त्याचं नाव. गव्हात जो चिकटपणा असतो तो आतड्यांना सोसत नाही. औषध काही नाही, गहू सोडायचा, जवही सोडायचा, तोही जन्मभर. नुसती पोळी सोडून भागत नाही. पोळीचा कण जरी ताटात पडला तरी माणूस आठवडाभर आडवा होतो. आमच्या बिल्डिंगीत राहायला आले त्याच दिवशी काकांनी हे सगळं जिन्यात उभं राहून आम्हाला समजावलं. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "मला डॉक्टरांनी सक्त बंदी केलीय. तेव्हा आग्रह करायचा नाही."

मी तेव्हा मनात म्हटलं, कोकणात राहून गव्हाचं कसलं एवढं कौतुक? सकाळी घावने, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी, बरोबर मासळी. सुखाने जगा की.

काकांनी माझे डोळे उघडले. तळलेली सुरमई कशात घोळवतात? रव्यात. रवा कशाचा? घावने तांदळाचे खरे, पण तवा? त्याच तव्यावर सकाळी पोळ्या भाजल्यास की नाही? तांदळाचं पीठ दळलंस ते कुठे? गिरणीत तुझ्या आधी कुणाचे गहू दळले होते? मी म्हटलं, "मला काय ठाऊक?" काका म्हणाले, "तेच तर." त्या दिवसापासून मला माझ्याच स्वयंपाकघराची भीती वाटायला लागली.

गिरणीवाल्याशी तर त्यांचं जुनं भांडण आहे. तो म्हणतो, जात्यात गहू राहत नाही. काका खिशातून भिंग काढतात. हल्ली त्याने कंटाळून काकांना सांगून टाकलंय, बाहेरगावचे तांदूळ दळून जातं साफ झालं की मीच निरोप धाडीन, तोवर येऊ नका. काका याला स्वतःचा विजय समजतात.

बाहेर जाताना त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असते. तीत एक छोटा तवा, एक पळी, दोन स्टीलची ताटं आणि तपकिरीची जुनी चांदीची डबी. डबीत निव्वळ हिंगाचा खडा. तो त्यांचा पुतण्या मुंबईहून, दुकानदाराची उलटतपासणी घेऊन आणतो. त्या खड्याचा वास डबीत मावत नाही. काका जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावर आम्हाला भूक लागते.

या सगळ्यात लोकांना कीव यायची ती सुर्वेकाकूंची. काकू म्हणजे गोगलगाय. आवाज असा की दार वाजवून त्या बोलल्या तर दार वाजल्याचंच तेवढं ऐकू यावं. नकार हा प्रकार त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. भाजीवालीने किडकी वांगी दिली तरी घेतात आणि वर तिला बरं वाटावं म्हणून "छान आहेत गो" म्हणतात. अशी बाई काकांच्या पथ्याला जुंपलेली. लग्नात काका स्वतःची दोन ताटं मांडत, एक स्वतःपुढे, एक काकूंपुढे, आणि वाढप्याला दरडावत, "आमचं एकत्रच वाढ. हिला माझ्यातलंच लागतं." समोरच्या पंगतीत जिलेब्या फिरायच्या आणि काकू मुकाट्याने वरण-भात कालवायच्या.

"नवऱ्याला गहू चालत नाही म्हणून बायकोनेही जिलेबी खायची नाही, ही कुठली रीत?" तळमजल्यावरच्या शिर्केबाई म्हणायच्या. शिर्केबाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांच्या आग्रहापुढे भलेभले आडवे होतात. "एवढा कसला तो धाक? बिचारीचं तोंड बघा."

आम्ही सगळ्या माना डोलवायचो. माझी तर सगळ्यांत जोरात डोलायची.

मग गेल्या वर्षी आमच्याकडे सत्यनारायण झाला. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे शिरा, आणि शिरा म्हणजे गव्हाचा रवा. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. आता काका काय करणार, म्हणून मी जरा मजेतच होते. काका दुपारीच आले, सोबत स्वतःची कढई आणि सांदणाला काढतात तसला तांदळाचा रवा. माझ्या गॅसवर, मला दोन हात लांब उभं करून, त्यांनी केळं घालून वेगळा शिरा केला. गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. काका म्हणाले, "गुरुजी, देवापुढे दोन्ही ठेवू. त्याला आवडेल तो तो घेईल." गुरुजींना भूक लागली होती. त्यांनी वाद घातला नाही.

आरती झाली. शिर्केबाईंनी मोठ्या परातीतला प्रसाद वाटायला घेतला, म्हणजे गव्हाचा. काका बाजूला तांदळाच्या शिऱ्याची वाटी भरत होते. तेवढ्यात शिर्केबाई काकूंपुढे उभ्या राहिल्या.

"घ्या काकू. पथ्य त्यांना आहे, तुम्हाला नाही. आणि प्रसादाला कसलं आलंय पथ्य?"

काकूंनी काकांकडे पाहिलं, मग शिर्केबाईंकडे पाहिलं आणि हात पुढे केला. शिर्केबाईंनी तळहातावर शिऱ्याची चांगली मूद ठेवली आणि तिथेच उभ्या राहिल्या. "खा. माझ्यासमोर खा." काकूंचा हात हळूहळू तोंडाकडे जायला लागला. अगदी लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

काकांनी वाटी खाली टाकली. दोन माणसांना ढकलून ते आले, काकूंचं मनगट धरलं आणि त्यांच्या तळहातावरचा सगळा शिरा स्वतःच्या तोंडात घातला. मग तसंच मनगट धरून त्यांना मोरीवर नेलं आणि हात साबणाने धुवून दिला. गुरुजी पोथी बांधता बांधता थांबले.

"अहो, मेले ना आता," शिर्केबाई पुटपुटल्या. "डॉक्टरला बोलवा कुणीतरी."

डॉक्टरची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धास्तावून त्यांच्याकडे गेले तर काका गच्चीत शीळ घालत झाडांना पाणी देत होते. मला बघितल्यावर मात्र घाईने पोटावर हात ठेवून कण्हले. कण्हणं काही जमलं नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हे सगळं ढोंग होतं तर. इतकी वर्षं आम्ही यांच्यासाठी वेगळे तवे घासले, वेगळ्या फोडण्या दिल्या, आणि हे मूदभर शिरा पचवून शीळ घालतात.

मी मिरजोळ्याला एका काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. त्याच आठवड्यात, बुधवारी, दुपारी बँकेत जायला म्हणून बाहेर पडले तर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर सुर्वेकाका. बुधवारी ते पेन्शनरांच्या बैठकीला जातात, असं सगळी बिल्डिंग समजून होती. काका बाकावर एकटेच बसले होते आणि डोळे मिटून, चहात बुडवून, खारी खात होते. एवढ्या सुखात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मी तरातरा जाणार होते. पण खारी संपली आणि काका उठले, ते बघून मी थांबले. त्यांनी पिशवीतून साबणदाणी काढली. टपरीमागच्या नळावर हात कोपरापर्यंत धुतले. चुळा भरल्या, पुन्हा भरल्या. मिशांना साबण लावला आणि कंगव्याने त्या विंचरल्या. मग अंगातला शर्ट काढून तो प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधला आणि दुसरा, धुतलेला, चढवला. दारू पिऊन घरी जाणारा माणूसही एवढी काळजी घेत नाही.

"बैठक झाली का काका?" मी विचारलं.

काका दचकले. शर्टाचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं, ते लावलं. मग म्हणाले, "काय गो मंजू, तू इकडे?"

"मी रोजच इकडे असते. तुमचं काय? तुम्हाला सक्त बंदी ना?"

काका पुन्हा बाकावर बसले, मलाही बस म्हणाले.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "आजार हिला आहे."

मग त्यांनी सांगितलं. काकूंचं माहेर केळशीचं. आजार कळल्यावर पहिल्याच शिमग्याला दोघं तिकडे गेली. काकूंनी पुरणपोळी नको म्हटलं, म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. वहिनी म्हणाली, एवढीशी खाल्लीस तर काय होतंय, शहरात जाऊन नखरे शिकलीस. काकूंना पुढे नाही म्हणता आलं नाही. पुरणपोळी खाल्ली, वर वहिनीला "छान झालीय" म्हणाल्या, आणि परतीच्या वाटेवरच इतक्या आजारी झाल्या की काकांनी त्यांना घरी न आणता सरळ इस्पितळात नेलं.

"सलाइन लावलेलं होतं, नि मला म्हणते, तिला वाईट वाटलं असतं हो." काकांनी नाक ओढलं. "मी काय करू अशा बाईचं? बाईमाणूस नको म्हणालं की लोकांना वाटतं लाजतेय, आणखी आग्रह करतात. मी नको म्हटलं की म्हणतात, सुर्वे चक्रम आहे, नादाला लागू नका. तसा मी आधीपासूनच चक्रम. खात्यात सगळे म्हणायचे. आजार मी माझ्या नावावर घेतला, झालं."

"आणि खारी?"

"खारी तिचा जीव की प्राण होती. संध्याकाळी चहा म्हणजे दोघांना खारी. आता तिच्यासमोर कुठल्या तोंडाने खाऊ? आणि खारीचा भुगा किती उडतो, तुला ठाऊक आहे. मिशीत एक कण राहिला नि तिच्या ताटात पडला तर?" ते उठले. "कुणाला बोलू नको. हिला तर मुळीच नको. तिला वाटतं, मीही गहू सोडला."

मी शब्द दिला. आता लग्नात शिर्केबाई "बिचाऱ्या काकू" म्हणाल्या की मी सगळ्यांत आधी म्हणते, "काकांचे नखरेच भारी." काका लांबून माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवतात. सुर्वे हे त्यांचं खरं आडनावही नाही, तेवढं सांभाळूनच हे लिहितेय.

परवा कशाला तरी काकांकडे गेले होते. बुधवार होता, पण मला सुट्टी होती. काका बाहेर गेलेले, काकू तव्यावर घावने घालत होत्या.

"एक विचारू का गो मंजू?" काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून या माणसाने कधी स्वतःचा रुमाल धुतला नाही. नि बुधवारी येतात ते स्वतःचा शर्ट स्वतः धुतात. मोरीचं दार लावून. आधी मला वाटलं, काही भलतंच प्रकरण आहे की काय." त्या हसल्या. "मग पिशवीला वास आला. खारीचा वास मी विसरेन होय?"

मी विचारलं, "तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? ऐकलं की सोडतील ते तेवढंही." काकूंनी घावन उलटलं आणि ते नीट सुटलंय का बघितलं. "तू मिरजोळ्यालाच असतेस ना? तिथली खारी ताजी असते का गो? पदर सुटतात का चांगले?"

मी नुसतं हो म्हटलं.

"मग बरं," काकू म्हणाल्या. "ह्यांना शिळी आवडत नाही."