पिवळ्या गाडीच्या दारावरचा पोचा

एका जंगलात, बाळांनो, रस्ता एकच होता आणि गाड्या मात्र पुष्कळ. त्यामुळे कुणी कुठे पोहोचत नसे. पण गाडी कोणती घेतली हे सगळ्यांना दिसत असे, आणि तेवढं पुरत असे.

गाड्या लवकर जुन्या होत. जुन्या झाल्या की त्या भालेराव अस्वलाच्या दुकानात येत. भालेराव त्या धुई, पुशी, चकचकीत करी आणि ‘रानगाडी’ नावाच्या साइटवर जाहिरात देऊन विकी.

जाहिरातींचे फोटो काढायचं काम खवलीकडे होतं. खवली म्हणजे खवले मांजर. तुम्ही ते पाहिलं नसेल. त्यात तुमची चूक नाही. कुणी आपल्याकडे पाहतंय असं वाटलं की ते अंग गुंडाळून घेतं आणि त्याचा चेंडू होतो. खवलीचा दिवसातून दहा-बारा वेळा तरी चेंडू होई. शाळेत हजेरी घेताना गुरुजी तिचं नाव पुकारत, तेव्हा बाकावर चेंडूच असे. गुरुजी त्याच्यापुढे ‘हजर’ लिहून टाकत.

म्हणून तिला हे काम फार आवडे. फोटो काढणाऱ्याकडे कुणी पाहत नाही. सगळे गाडीकडे पाहतात. साऱ्या जंगलात तिला उभं राहायला तेवढी एकच जागा होती, कॅमेऱ्याच्या मागे.

फक्त तिला वेळ लागे. एका गाडीचे ती बावीस फोटो काढी. कुठला फोटो कुठून काढायचा, याची तिने वहीत यादी केली होती आणि यादीला समासही आखला होता.

एका सोमवारी दुकानात एक पिवळी गाडी आली. ती गजगौरीबाई नावाच्या हत्तीणबाईंची होती. बाई शिक्षिका होत्या. घर ते शाळा, शाळा ते घर, एवढीच गाडी फिरली होती. पण बाई पडल्या हत्तीण, आत कशाबशा मावत, त्यामुळे पुढची सीट जमिनीला टेकायला आली होती. शिवाय ब्रेक दाबला की हॉर्न वाजे.

भालेरावाने लगेच मोबाइल काढला आणि लिहिलं: ‘पिवळी गाडी. प्रशस्त, तरीही आटोपशीर. एकाच बाईंनी वापरलेली, त्याही शिक्षिका. फोटो लवकरच.’

“काका,” खवली हळूच म्हणाली, “फोटो झाल्यावर टाकली असती तर?”

“अगं, फोटो होईपर्यंत गाडीला पालवी फुटेल. तू काढ सावकाश. लोकांना तोवर वाट तर पाहू दे.”

लोक नुसती वाट पाहत नव्हते. फोन करत होते.

“पिसारा मावेल ना?” मोराने विचारलं.

“मावून उरेल!” भालेराव म्हणाला.

“मला छोटीच हवी हो, बिळासमोर लागेल अशी,” ससा म्हणाला.

“छोटीच आहे. हातात बसेल!”

“शिंगं आत घेता येतील का?” रानगव्याने विचारलं.

“तुमची शिंगं पाहूनच बनवलीय असं वाटतं, गवेसाहेब.”

आता मला सांगा, यात खोटं काय होतं? फोटो नव्हता, तोवर गाडी खरोखरच प्रत्येकाच्या मापाची होती.

इकडे खवलीचं घोडं पहिल्याच फोटोवर अडलं होतं. भालेरावाने गाडी इतकी घासली होती की तिच्या दारात तोंड दिसे. आणि फोटो काढायला समोर उभं राहिलं, की दिसणारं तोंड खवलीचं असे.

मंगळवारी तिने सागाचं पान आडवं धरलं. फोटोत पान आलं, आणि पानावर दोन डोळे. बुधवारी ती लांब जाऊन उभी राहिली. फोटोत गाडी लिंबाएवढी आली. गुरुवारी तिने ढग येण्याची वाट पाहिली. ढग आला, पण तोही दारात दिसला.

स्वतःचं तोंड आलेला फोटो तर तिला टाकायचा नव्हता. वानररावाच्या फोटोंना ती मनातल्या मनात किती हसली होती! पलीकडच्या दुकानात फोटो काढणाऱ्या त्या वानररावाच्या प्रत्येक फोटोत पुढे तो स्वतः असे, दात दाखवत, आणि मागे कुठेतरी एखादं चाक.

शुक्रवारी सकाळी मंडळी गाडी पाहायला स्वतःच येऊन थडकली.

“ही?” रानगवा म्हणाला. “हिच्यात माझं एक शिंग बसेल. दुसऱ्याने काय चालत यायचं?”

“हिच्यात माझं सगळं बिऱ्हाड हरवेल,” ससा म्हणाला.

मोराने पिसारा उघडला, गाडीकडे पाहिलं आणि अपमान झाल्यासारखा मिटून घेतला.

“भालेराव, तुम्ही फसवलंत आम्हाला!”

“मी?” भालेरावाने छातीवर पंजा ठेवला. “अहो, फोटो असता तर तुमचा हेलपाटा वाचला नसता का? फोटो हिच्यामुळे अडलाय!”

सगळ्यांनी वळून खवलीकडे पाहिलं. तिथे चेंडू होता.

मंडळी बडबडत निघाली. भालेराव चेंडूजवळ वाकला आणि म्हणाला, “खवले, ऐकतेस ना आतून? उद्या बाजार आहे. आज दुपारपर्यंत फोटो चढला नाही, तर सोमवारपासून इथे वानरराव. मग तुला गिऱ्हाइकांना पाणी द्यायला पुढे उभी करतो.”

पुढे! सगळ्यांच्या पुढे! खवलीच्या अंगावरचे सगळे खवले एकदम वाजले.

दुपार होत आली तेव्हा तिला युक्ती सुचली. मोबाइल दगडाला टेकवून उभा करायचा, दहा सेकंदांची वेळ लावायची आणि पळून जायचं. फोटो निघेल तेव्हा समोर कुणीच नसेल. इतकी चांगली युक्ती तिला चार दिवस सुचली नव्हती, याची तिला लाजही वाटली.

तिने बटण दाबलं. ती पळाली. सात सेकंदांपर्यंत सगळं ठीक होतं. आठव्या सेकंदाला, विसरलेलं पीस न्यायला परत आलेला मोर म्हणाला, “काय गं, पळतेस कुठे?”

खवली होती तिथेच गुंडाळली गेली. गाडीच्या दारासमोर.

फोटो निघाला. ती उलगडेपर्यंत भालेरावाने मोबाइल उचलून तो चढवलाही होता.

फोटो खरंच सुंदर होता. पिवळी गाडी उन्हात झळाळत होती. आणि दाराच्या मधोमध एक मोठा, गोल, मळकट, खवल्याखवल्यांचा डाग होता.

खाली लगेच लोकांनी लिहायला सुरुवात केली.

‘बापरे, दाराला केवढा पोचा!’

‘रेड्याने धडक दिलेली दिसते.’

भालेराव धावत बाहेर आला. त्याने दारावरून पंजा फिरवला. दार साबणासारखं गुळगुळीत होतं. त्याने फोटो पाहिला. मग खवलीकडे पाहिलं. खवली जमिनीकडे पाहत होती.

तेवढ्यात आणखी कुणीतरी लिहिलं: ‘पण दाखवला बघा. लपवला नाही. असा दुकानदार आजकाल मिळतो कुठे?’

भालेराव खाली बसला. बराच वेळ त्याने मिशीवरून पंजा फिरवला.

“काका,” खवली म्हणाली, “तो पोचा नाही. ती मी आहे. खाली तसं लिहू का?”

“लिही ना,” भालेराव गोड आवाजात म्हणाला. “लिहायलाच हवं. पण नीट लिही हं. तुझ्यासारखं. घाई करू नकोस.”

खवली वही घेऊन बसली. ‘कळविण्यात येते की’ असं लिहिलं आणि खोडलं. ते शाळेच्या सूचनेसारखं वाटलं. ‘तो पोचा नसून मी आहे’ असं लिहिलं. पण मग ‘मी’ म्हणजे कोण, हे सांगावं लागणार होतं. ती संध्याकाळपर्यंत लिहीत होती.

शनिवारी बाजार भरायच्या आधीच साळिंदरकाकू आल्या. काकूंना आजवर जंगलात कुणी फसवलं नव्हतं, कारण तेवढं जवळ कुणी जातच नसे. त्या थेट दाराकडे गेल्या, चष्मा लावला आणि थबकल्या.

“अगंबाई! पोचा कुठाय?”

“आपल्यासाठी काढून घेतला,” भालेराव म्हणाला.

“रातोरात? आणि वरचे पैसे?”

“आपल्याकडून कसे घेणार?”

काकूंचा चेहरा उजळला. खवली गाडीच्या मागे उभी होती. हातात वही होती. ती एक पाऊल पुढे आली.

“काकू, ती सीट—”

“अगं, काही दाखवू नकोस मला. ज्यांनी एवढा पोचा जगाला दाखवला, ते सीटचं का लपवतील?” काकू म्हणाल्या आणि तिच्याकडे कौतुकाने पाहू लागल्या. “फोटो तूच काढलास ना? गुणाची गं पोर!”

कुणी इतक्या जवळून, इतक्या प्रेमाने पाहिल्यावर काय होणार, बाळांनो? चेंडू झाला.

आतल्या अंधारात खवलीने वाक्य पुन्हा जुळवलं. ‘काकू, तो पोचा नव्हता, ती मी होते, खरे दोष दोन आहेत.’ अर्धविराम ठेवावा की सरळ पूर्णविराम द्यावा, एवढंच राहिलं होतं. पूर्णविराम बरा, असं तिने ठरवलं आणि डोकं बाहेर काढलं.

वळणावर काकूंनी ब्रेक दाबला असावा. हॉर्न जोरात वाजला.

“झालं का लिहून?” भालेरावाने विचारलं.

“झालं.”

“बघू? वा! काय अक्षर आहे! जपून ठेव हं.”

सोमवारी वानरराव आला नाही. खवलीची नोकरी पक्की झाली. आता जाहिरात आणि फोटो एकाच दिवशी चढतात, कारण फोटो एकच लागतो. भालेराव स्वतः बटण दाबतो. खवलीने फक्त दारासमोर यायचं आणि भालेरावाने तिच्याकडे टक लावून पाहायचं. साइटवरच्या प्रत्येक गाडीवर ती आहे. साऱ्या जंगलात तिच्याइतके फोटो कुणाचे नाहीत, वानररावाचेसुद्धा.

तात्पर्य : फोटो तयार नाही म्हणून जाहिरात कधी थांबवू नये. खरं बोलायचं असेल, तर मात्र वाक्य अगदी निर्दोष होईपर्यंत थांबावं. तोवर गाडी निघून जाते, नोकरी राहते, आणि अक्षरही सुधारतं.