जगूकाकांची झडती

आमचे जगूकाका प्रसादाचा पेढासुद्धा आधी मोडून आत बघतात आणि मग खातात. देवळातला पुजारी आता त्यांना मोडलेलाच पेढा देतो.

डहाणूहून कासाकडे जाताना आमची फुग्यांची कंपनी लागते. पाड्यातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला. जगूकाका तिच्या फाटकावर सत्तावीस वर्षं पहारेकरी होते. संध्याकाळी कामगार सुटले की त्यांच्या तोंडी एकच शब्द, "उघडा." पिशवी उघडा, डबा उघडा. मी पॅकिंगची सुपरवायझर, वर त्यांची शेजारीण, तरी माझ्या डब्यातली उरलेली भाजी ते चमच्याने खालीवर करून बघत. त्यांची बायको जमनाकाकू माझ्याच हाताखाली होती. तिचाही डबा सुटला नाही. "घरात नवरा, फाटकात सायब," असं म्हणत ती झाकण काढायची.

काका निवृत्त झाले, पण जित्याची खोड कुठे जाते? मुलीला बघायला आलेल्या मुलाची बॅग त्यांनी ओट्यावरच उघडायला लावली. आत दोन शर्ट निघाले. "एका दिवसाला दोन शर्ट कशाला?" या प्रश्नावर ते लग्न वर्षभर अडलं. पुढे जमनाकाकू वारली, मुलगी सासरी गेली, आणि काका रोज स्वतःच्याच दाराची कडी तीनतीनदा तपासत एकटे राहू लागले.

यंदा नदी भर दुपारी पाड्यात शिरली. माणसं टेकाडावरच्या शाळेत पळाली म्हणून वाचली. पाणी ओसरलं तेव्हा घरांत गुडघाभर गाळ होता. कंपनीने यंत्रं थांबवली आणि आम्हा कामगारांना पंप, फावडी, फिनेल देऊन घरं धुवायला धाडलं. फुगे सुकवायच्या गरम खोलीत लोकांच्या गोधड्या सुकवून दिल्या. आठवडाभर अख्खा पाडा रबराच्या वासात झोपला.

सगळे कंपनीला दुवा देत होते, जगूकाका सोडून. "फुकट फक्त सर्दी मिळते, ताई," ते मला म्हणाले. "कंपनीला काय तरी पायजेल. बगा तुमी." कंपनीने दिलेल्या ब्लँकेटची शिवण त्यांनी उसवून पाहिली. तांदूळ सुपात पसरून निरखले. कुठेच काही सापडलं नाही, तेव्हा तर त्यांचा संशय पक्काच झाला.

आणि घर धुवायला ते कुणाला आत येऊ देईनात. पंप आला की उंबरठ्यावर काठी आडवी. बाकीची घरं धुऊन झाली, लोक परतले, काका मात्र शाळेच्या व्हरांड्यात. सोमवारी शाळा भरणार होती. मग म्हातारा काय त्या कुजक्या गाळात झोपणार होता?

पाड्यात कुजबुज सुरू झाली. सगळ्यांची झडती घेणाऱ्याची झडती कधी कुणी घेतली होती? काय दडवलंय घरात? खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं ढवळलेल्या भाजीचा राग होताच मनात.

रविवारी कंपनीचे नवे मॅनेजरसाहेब स्वतः काकांच्या दारात आले. त्यांना बघून काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायबाला कळलं वाटतं."

"काय कळलं?"

ते मला एकटीला घरात घेऊन गेले. चुलीमागची चुन्याची भिंत. बसल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर काहीतरी कोरलेलं होतं. रेघांत गाळ बसल्यामुळे अक्षरं ठसठशीत दिसत होती. जमना, जमना, जमना. वरची वाकडीतिकडी, खाली येता येता सरळ झालेली. शेजारी एक गंजका खिळा ठोकलेला.

"पगाराला अंगठा उठवायची लाज वाटायची तिला," काका म्हणाले. "एक दिस डब्यात ह्यो खिळा गावला. कंपनीच्या खोक्याचा. इचारलं, कशाला? तर म्हणाली, भिंतीवर नाव गिरवीन. मी झाकण लावलं नि म्हटलं, जा." त्यांनी अंगठ्याने खिळ्यावरचा गाळ पुसला. "सत्तावीस वर्सांत तेवढी एकच वस्तू सोडली मी. पंप मारला तर चुना पडंल, ताई. चोरी पण जाईल नि ती पण."

मला माझ्या संशयाची लाज वाटली. बाहेर येऊन मी साहेबांना एवढंच सांगितलं, की भिंती जुन्या आहेत, पंप नको. "मग हाताने पुसू," साहेब म्हणाले. आम्ही फावड्यांनी गाळ काढला, फडक्यांनी भिंती पुसल्या. ती एक भिंत मात्र काकांनी स्वतः पुसली, एकेका अक्षराच्या कडेने.

निघताना सवयीने मी माझी पिशवी उघडून पुढे धरली. काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते सरळ साहेबांसमोर गेले आणि आपली बंद मूठ त्यांनी उघडली. तळहातावर तो खिळा होता, भिंतीतून उपटलेला.

साहेबांनी खिळा उचलून उलटसुलट पाहिला. "निघाला का? कुठे होता, दाखवा."

फावड्याच्या दांड्याने साहेबांनी तो जमनाकाकूच्या नावाशेजारी, जुन्याच भोकात ठोकून दिला. काका बघत उभे होते. डोळे पुसून त्यांनी खिळा एकदा ओढून पाहिला, मग पुन्हा एकदा. तो घट्ट बसला होता.