सासूबाईंची सुमिरे आणि माझा रुसवा

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठवडाभर मोबाइलकडे बघायचं नाही असं त्यांना बजावलं, तेव्हा मी खुर्चीवरून उठून म्हणालो, "द्या इकडे आई, मी पाहतो." एवढंच वाक्य. पण माणूस अशाच छोट्या वाक्यांनी गोत्यात येतो. (माझं लग्नही "मुलगी ठीक आहे" एवढ्याच वाक्यावर ठरलं होतं. हे माझी बायको भावना वाचणार आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.)

आता सासूबाईंच्या मोबाइलमध्ये पाहण्यासारखं असं काय असणार, असं कुणालाही वाटेल. भजनं असतील, नातवंडांचे फोटो असतील. पण आमच्या सासूबाई, मैनाबाई, अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात, रोज सकाळी मोर्णा नदीच्या पुलापर्यंत चालून येतात आणि आल्यावर चहाच्या आधी जपानी कार्टूनच्या पत्त्यांचा ऑनलाइन गेम खेळतात. गुडघा धरला होता तेव्हा नातीनं, म्हणजे आमच्या आचलनं, वेळ जावा म्हणून तो त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. आचल कंटाळून कधीच दुसऱ्या गेमकडे वळली. सासूबाई राहिल्या. नुसत्या राहिल्या नाहीत, तर माहेर-सासरची माणसं गोळा करून त्यांनी गेममध्ये स्वतःचं मंडळ काढलं आणि त्याच्या अध्यक्षही झाल्या.

गेम असा, की पत्ते गोळा करायचे. प्रत्येक पत्त्यावर मोठ्या डोळ्यांचं कुणीतरी असतं. फालतू पत्ते चांगल्या पत्त्याला खाऊ घातले की तो ताकदवान होतो, याला अपग्रेड म्हणतात. आणि पुरेसा खाऊन-पिऊन झाला की त्याचं रूपच पालटतं, ते ट्रान्सफॉर्म. सासूबाई त्याला 'बदलवणं' म्हणतात. त्यांची सर्वांत लाडकी होती सुमिरे नावाची पोरगी. शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, हातात खराटा. वर्षभर त्यांनी तिला पोटच्या लेकीसारखं वाढवलं होतं आणि तिला बदलवायची मुदत त्या रविवारी संपत होती. रविवार हुकला तर बिचारी जन्मभर खराटा धरून उभी राहणार.

एरवी हे काम ललितकडे गेलं असतं. ललित म्हणजे माझा साडू, परतवाड्याला शिक्षक आहे. गीझर बिघडो, आधार कार्ड अडो, की मांजर माळ्यावर अडको, "ललितरावले फोन लावा" हे त्या घराचं ब्रीदवाक्य. मी थोरला जावई, पण आजवर माझ्यावर सोपवलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे पंगतीत मीठ वाढणं. (त्यातही एकदा दोनदा वाढलं होतं.) ललित नेमका ट्रेनिंगला नागपुरात अडकला होता. एकदा तरी त्या घरात "किशोररावनं केलं" हे वाक्य ऐकायचंच, अशा जिद्दीनं मी उठलो होतो.

"मंडळातले लोक रोज हार्ट पाठवतात," सासूबाई काळा चष्मा सावरत म्हणाल्या, "थे परत करत जा. कोनाचं ठेवून घ्याचं नाई. फालतू पत्ते सुमीले चारत जा. आन् रविवारी तिले बदलवून आना. बाकी..."

बाकी काय ते राहिलंच. भावना डोळ्यांत टाकायचं औषध घेऊन आली आणि सासूबाईंना आडवं व्हावं लागलं. मी आचलकडून गेम माझ्या मोबाइलवर सुरू करून घेतला आणि आम्ही अमरावतीला परतलो.

पहिले दोन दिवस फार झकास गेले. मी सकाळी सुमिरेला एक समुराई चारायचो, दुपारी डब्यासोबत एखादा राक्षस. माझ्या स्वयंपाकाचं कधी कौतुक झालं नाही, पण ही पोरगी मी दिलेलं सगळं निमूट खायची आणि तिच्या डोक्यावर तारे चमकायचे. "स्वतःच्या पोरीले तं कधी दूधभात चारला नाई," एवढं बोलून भावना भाजी चिरायला लागायची.

घोळ झाला तो हार्टांमुळे, म्हणजे गेममध्ये एकमेकांना भेट म्हणून पाठवायच्या लाल बदामांमुळे. 'ब्लॅक ड्रॅगन' नावाचा एक सभासद रोज पहाटे न चुकता एक हार्ट पाठवायचा. मी लगेच परत करायचो. पण एका हार्टाला एकच हार्ट, हे मला बरं वाटेना. मी सरकारी ऑफिसात आवक-जावक कारकून आहे. आलेलं पुढं पाठवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आणि घरी आईनं शिकवलेलं, की आहेर आला तर त्यावर थोडं चढवूनच परत करावं, नाहीतर चार लोक नावं ठेवतात. सासूबाईंनीही सांगितलंच होतं, कोणाचं ठेवून घ्यायचं नाही. मंडळाच्या अध्यक्षांची लाज आता माझ्या हातात होती.

द्यायचं काय, म्हणून मी सासूबाईंचे पत्ते चाळले. तर काय, सुमिरे एकटी नव्हती. तोच ड्रेस, त्याच वेण्या, तोच खराटा असलेले आणखी चार पत्ते एका बाजूला जपून ठेवलेले. ते बघून मला आमच्या दिवाणावरचं कपाट आठवलं. आमच्या लग्नात आलेले लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, एकसारखे स्टीलचे डबे. एक घरात ठेवायचा, बाकीचे कागद बदलून दुसऱ्यांच्या लग्नात द्यायचे, हा आपल्या वऱ्हाडातला सर्वमान्य कायदा. (एक लेमन सेट तर सहा लग्नं फिरून आमच्याच घरी आला आणि भावनानं त्याला ओळखलं.) सासूबाईंनीही हे जादाचे पत्ते देण्याघेण्यासाठीच ठेवले असणार, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका राहिली नाही. मी रोज एक सुमिरे ब्लॅक ड्रॅगनला पाठवली. चौथी पाठवली तेव्हा तर मन अगदी भरून आलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी म्हटलं, रविवारची वाट कशाला पाहायची, आजच बदलवून टाकू. बटण दाबलं. बटण हलेना. खाली इंग्रजीत काहीतरी आलं. आचलला हाक मारली.

"बाबा, हिचेच आणखी चार पत्ते लागतात. थे पाच मिळून एक होते. आजीनं वर्षभर जमवले ना थे, कुठी गेले?"

मी मोबाइल तिच्याकडे सरकवला. आचलनं देवघेवीचं पान उघडलं. मग तिनं "आई" अशी हाक मारली, ज्या सुरात माणसं गॅस लीक झाल्याचं सांगतात.

भावनानं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. "डुप्लिकेट म्हून वाटून देल्ले? अवो, थे लेमन सेट होते का?"

"मला वाटलं..."

"तुमाले कोनी वाटाले सांगतलं होतं? आता ललितभाऊजीले फोन लावते मी."

"ललितला फोन लावायचा नाही," मी म्हणालो. इतक्या ठाम आवाजात मी लग्नानंतर प्रथमच बोललो असेन, कारण आचलनं मोबाइलवरून मान वर केली. "पाठवले मी, आणणारही मीच. हा ब्लॅक ड्रॅगन कोण आहे तेवढं सांग."

"अचलपूरचे खुशालमामा," भावना म्हणाली.

खुशालमामा म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. सासूबाईंच्या माहेरच्या आळीतले, त्यांना बहीण मानणारे. त्यांच्या नातवानं त्यांना हे नाव देऊन ठेवलं होतं आणि गेममधलं त्यांना एकच येत होतं, सकाळी उठून हार्टाचं बटण दाबणं. फोन केला तर म्हणाले, "मोबाइलवर काय बोलता जावई, घरीच या जेवाले." शनिवारी सकाळी मी परतवाड्याची गाडी धरली आणि तिथून अचलपूर गाठलं.

मामांनी ओसरीवर बसवून पाणी दिलं, पाठोपाठ चहा आला. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली, मोबाइल उघडून चारही सुमिरे पाहिल्या आणि मोबाइल पुन्हा खिशात ठेवला.

"किशोरराव, पत्ते परत नाई देता येत."

"का बरं मामा? तुम्हाला उपयोग आहे का त्यांचा?"

"मले काय उपयोग हाय. पण आलेला आहेर परत करणं म्हणजे नातं तोडणं हाय. मैनाबाईनं आहेर पाठवला आन् मी तो वापस केला, तं उद्या लोक काय म्हनतीन?"

"अहो, तो त्यांनी नाही, मी पाठवला."

"नाव तं तिचंच होतं."

मी विनवण्या केल्या. रविवारी मुदत संपते हे सांगितलं, सासूबाईंच्या डोळ्यांचं सांगितलं. मामा प्रत्येक वेळी "बरोबर हाय तुमचं" म्हणत आणि खिशावरचा हात काढत नसत. शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाल्या, "अवो, आहेर वापस नाई देता येत. पण जावई रुसला तं त्याले जे मागन थे द्याच लागते ना?"

मामा विचारात पडले. "हे खरं हाय. पण थे कुठी रुसले?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "रुसा," त्या म्हणाल्या.

आता जावयानं रुसणं ही कला आहे. माझ्या लग्नात मी रुसून पाहिलं होतं, पण कोणाच्या लक्षातच आलं नाही आणि भूक लागल्यावर मी आपला आपणच पंगतीत जाऊन बसलो. तेव्हापासून सराव नव्हता. तरी उठलो, अंगणातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलो आणि चेहरा जमेल तेवढा पाडला.

मामींनी मुद्दाम की काय कोण जाणे, रोडगे केले होते. गोवऱ्यांवर भाजलेले खरपूस रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वर तुपाची धार. तो वास माझ्या पाठीवर हात फिरवत होता. मामा ताट घेऊन आले. "उठा जावई, जेवून घ्या."

"नाही," मी भिंतीला म्हणालो.

एकदाच विनवून भागत नाही म्हणून मामा आत गेले, पाणी पिऊन पुन्हा आले. मी पुन्हा नाही म्हणालो. एवढ्यात शेजारचे नत्थुजी कुंपणावरून डोकावले.

"काय झालं, खुशालराव?"

"जावई रुसले."

"काहून?"

"पोरगी पाह्यजे म्हनतात. हातात खराटा असलेली."

नत्थुजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरी बायको नाई का यांले?"

"हाय ना. आपल्या मैनाबाईची पोरगी."

"मंग आनखी एक?"

"एक नाई, चार पाह्यजे."

नत्थुजी घाईनं आत गेले. थोड्याच वेळात कुंपणापलीकडे चार-पाच डोकी जमली आणि त्यांतली एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दिसते तं गरीब." मला पळून जावंसं वाटत होतं. पण रविवार डोळ्यांपुढं होता आणि सासूबाईंचा काळा चष्माही. दात-ओठ आवळून मी भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर एक मुंगी साखरेचा दाणा नेत होती, तिचाही हेवा वाटला.

तिसऱ्यांदा मामा आले ते टॉवेल-टोपी घेऊन. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "बोला जावई, काय पाह्यजे?"

"चार सुमिरे," मी म्हणालो.

"देल्ल्या."

मग गिफ्टचं बटण कुठं असतं ते मी त्यांना शिकवलं. त्यांनी आधी मोबाइललाच हळदीकुंकू वाहिलं, मग एकेक पत्ता पाठवला. चौथा आला आणि मी जेवायला बसलो. इतके रोडगे खाल्ले की मामी आत पुन्हा कणीक मळायला गेल्या.

रविवारी सकाळी आम्ही अकोल्याला पोचलो. सासूबाईंचा चष्मा उतरला होता, डॉक्टरांनी मोबाइल पाहायची परवानगी दिली होती. मी त्यांच्यासमोर बसलो, पाचही पत्ते जुळवले आणि बटण दाबलं. मोबाइलमधून घंटा वाजल्या, फुलं पडली, उजेड झाला. खराटा गेला, वेण्या सुटल्या, आणि सोन्याचं चिलखत घातलेली, हातात परशू घेतलेली, लाल डोळ्यांची एक उग्र बाई पडद्यावर उभी राहिली. माझा ऊर अभिमानानं भरून आला. आजवर त्या घरात मी काहीही केलं नव्हतं, पण हे केलं होतं.

सासूबाईंनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"हे कोन?"

"सुमिरे. बदलवली तिला."

"हे माही सुमी?" त्यांचा चेहरा पडला. "किती गरीब पोरगी होती माही. हे तं तुमच्या आईवानी दिसते."

भावना खोकत स्वयंपाकघरात गेली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नव्हतं, म्हणून आचल धावत आली. तिनं मोबाइल हातात घेतला, कोपऱ्यातलं एक बारीक बटण दाबलं आणि म्हणाली, "आजी, ताकद नवी ठेवून रूप जुनं ठेवता येते." परशू गेला, चिलखत गेलं. शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, खराटा. सासूबाई हसल्या आणि मोबाइल छातीशी धरून बसल्या. मीही निःश्वास टाकला. काम तर झालं होतं, मग दिसेना का कशीही.

दुपारी ट्रेनिंग संपवून ललित आला. सासूबाईंच्या पाया पडला, डोळ्यांची विचारपूस केली, मग सवयीनं मोबाइल हातात घेतला आणि त्यात बघून च्-च् केलं.

"आई, हिले अजून बदलवली नाई? आज शेवटचा दिवस हाय ना. मले फोन तं लावा लागत होता."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खुर्चीत जरा ताठ बसलो. सासूबाईंनीच बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्या बोलल्या.

"बदलवली ना ललितराव," त्या म्हणाल्या. "पण किशोररावनं बदलवली, म्हून तशीच दिसून राहिली."

ललितनं सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि मोबाइल त्यांना परत दिला.