शांतता समिती आणि तिसरी घंटा

"मुलं कशी घडतात, ते मला विचारा!" असं घंटाकाका जिन्यात भेटेल त्याला सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. बत्तीस वर्षं ते शाळेत शिपाई होते आणि घंटा त्यांच्या हातात होती. बालवाडीत नाक पुसत आलेली पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत डॉक्टर झाली, वकील झाली. शिकवलं मास्तरांनी, मान्य. पण वेळेवर वर्गात कुणी बसवलं? निवृत्तीच्या दिवशी शाळेने ती पितळी घंटा त्यांनाच देऊन टाकली. ती आता दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दाराबाहेर टांगलेली असे.

समोरच्या खोलीत एक मायलेकींचं बिऱ्हाड होतं. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात कपडे धुवायची. मुलीला सगळी इमारत 'तिसरी' म्हणायची, कारण शाळेत पहिली घंटा झाली तरी ही घरात, दुसरी झाली तरी रस्त्यात, आणि तिसरी वाजता वाजता धापा टाकत दारात! तिसरीनंतर दार बंद होई. ती पाच वर्षांची असल्यापासून रोज फाटकातून पळत येताना दिसली की काका हातोडी उचलून मनात दहा आकडे मोजत आणि मगच टोला देत. अख्ख्या नोकरीत त्यांनी केलेली ही एकच लबाडी, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

ही तिसरी आता हवामान कार्यालयाच्या परीक्षेला बसणार होती. दोनदा थोडक्यात हुकलेली, वयाची अट संपत आलेली. हा शेवटचा डाव होता. नाहीतर आईच्या शेजारी उभं राहून चादरी धुवायच्या.

"परीक्षेला आठ दिवस उरलेत, आता मी बघतो," काका म्हणाले आणि त्यांनी शांतता समिती स्थापन केली. जिन्यात फळा लागला : 'बालवाडी ते नोकरी. मूल एका घराचं नसतं, अख्ख्या जिन्याचं असतं.' खाली नियम. चपला हातात घेऊन चढावं. शिंक आली तर गच्चीवर जावं. जिन्यात बोलायचं ते खुणेने. दार वाजवणाऱ्याने महिनाभर जिना झाडावा.

नियमांची अंमलबजावणीही कडक! दारांच्या बेलच्या तारा काढल्या. गजराची घड्याळं जप्त झाली. तिसरीचा मोबाईल समितीच्या पेटीत गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या कंपाउंडरने तिला कानात घालायला कापसाचे बोळे दिले. काकांनी स्वतःच्या घंटेलाही दोन गोधड्या गुंडाळल्या आणि तिची हातोडी पेटीत टाकली. न्याय म्हणजे न्याय.

खरी लढाई झाली ती तळमजल्यावर. तिथे ठोकेमामांचं पत्र्याचे डबे बनवायचं दुकान होतं.

"अहो, ही पोरगी माझ्या पायरीवर बसून पाढे शिकली," मामा म्हणाले. "माझ्या ठोक्यावर तिचा बे एके बे चालायचा. थांबलो की तीच ओरडायची, मामा, ठोका ना!"

"ते बालवाडीचं झालं. आता करिअरचा प्रश्न आहे. हातोडा खाली!"

मामांनी हातोडा खाली ठेवला. वरच्या शिवणकाकूंचं मशीन थांबलं. इमारत इतकी चिडीचूप झाली की नवा पोस्टमन पत्ता चुकला समजून दोनदा परत गेला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिसरीच्या आईने काकांना गाठलं. "माझी उद्या पहिली पाळी आहे, पाचला निघेन. हिला सातला उठवाल ना?"

"उठवायचं कशाला? वेळापत्रकात चार वाजता उठणं लिहिलंय!" काकांनी कागद दाखवला. लाल शाईने लिहिलेलं होतं. लाल शाईतलं खोटं कसं ठरेल?

परीक्षा नऊ वाजता. आठला निघायलाच हवं होतं. पावणेआठला सगळी इमारत अनवाणी जिन्यात जमली. खिडकीत दिवा दिसत होता. काकांनी पुस्तक उघडल्यासारखे दोन्ही तळवे पसरले : वाचतेय! सगळ्यांनी माना डोलावल्या. आईने जाताना दिवा तसाच ठेवला होता, हे कुणाला ठाऊक!

आठ वाजले. सव्वाआठ वाजले. शिवणकाकूंनी दाराला कान लावला आणि डोळे विस्फारले. वळून त्यांनी तळहात गालाखाली धरला आणि मान कलती केली.

काकांनी कंपाउंडरला खूण केली : दाढ दुखतेय! कंपाउंडर चवड्यांवर धावत वर गेला आणि गोळी घेऊन आला. काकूंनी कपाळावर हात मारला. काकांनी पुन्हा खूण केली : डोकंही दुखतंय! कंपाउंडर पुन्हा वर.

शेवटी काकूंनी नियम मोडला. "अहो दाढ नाही, डोकं नाही! ती घोरतेय!"

आईने जाताना दार ओढून घेतलेलं, लॅचचं कुलूप आपोआप लागलेलं. सगळ्यांनी मिळून ते बडवलं, पण कानात बोळे! बेलची तार काढलेली. फोन पेटीत, पेटी काकांच्या घरात, आणि किल्ली? "किल्ली हरवू नये म्हणून," काका क्षीण आवाजात म्हणाले, "आमच्या हिच्याकडे दिलीय. आणि ही माहेरी गेलीय."

साडेआठ. काकांनी घंटेच्या गोधड्या ओरबाडून काढल्या. हातोडी पेटीतच. त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. आठ दिवस ज्याच्याशी भांडले, त्याच्याकडे.

"मामा," काका म्हणाले, "हातोडा द्या हो."

मामांनी हातोडा आणून दिला. काकांनी पहिला टोला दिला. खिडक्यांची तावदानं थरथरली. आत सामसूम. दुसरा दिला. तिसऱ्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं. आत सामसूम. मग हातोडा वर धरून त्यांनी सवयीने दहा आकडे मोजले आणि तिसरा टोला हाणला.

धाडकन दार उघडलं! विस्कटलेले केस, एका कानात कापूस. "आले, आले! दार लावू नका!"

शिवणकाकूंनी वेणी घालत घालत तिला जिना उतरवला. मामांच्या टेम्पोत डब्यांच्या राशीवर तिला बसवलं. शेजारी काका. टेम्पो खड्ड्यातून गेला की सगळे डबे एकदम वाजायचे, आणि ती डोळे मिटून सूत्रं पुटपुटायची. केंद्रापाशी पोचले तेव्हा नऊला अर्धं मिनिट कमी होतं. फाटकावरच्या शिपायाने घंटेवर हातोडी उगारलेली. तिसरी पळत सुटली. काका टेम्पोतून ओरडले, "अहो, जरा दहा आकडे!"

त्या शिपायाने काकांकडे पाहिलं, पळणाऱ्या मुलीकडे पाहिलं, आणि हातोडी तशीच वर धरून ठेवली. ती आत शिरल्यावरच घंटा वाजली. काकांना भर रस्त्यात रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली, असं त्यांनी मामांना सांगितलं.

महिन्याभराने निकाल लागला. तिसरी पास झाली, नोकरीही लागली. समितीने जिन्यातच सत्कार ठेवला. काकांनी उत्तराच्या भाषणासाठी कोट घातला होता.

तिसरी बोलायला उभी राहिली. "मला पाढे मामांच्या ठोक्यांनी शिकवले. कविता काकूंच्या मशीनवर पाठ झाल्या. मला गोंगाटाशिवाय अक्षर वाचता येत नाही. पेपरात जे लिहिलं, ते सगळं टेम्पोत आठवलेलं."

काकांनी घसा खाकरला.

"आणि घंटाकाकांनी तर फार मोठी मदत केली," ती म्हणाली. "त्या शांततेत रोज पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत डोळा लागायचा. दहावीपासून राहिलेली झोप आठ दिवसांत भरून निघाली!"

टाळ्या थांबेनात. काकांनी कोटाची बटणं काढली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लाल शाईत नवं वेळापत्रक लागलं. 'ठोके : चार ते सहा. शिवणमशीन : सहा ते आठ.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'मूळ कल्पना, घंटाकाका.'