खाकरणं म्हणजे सांगणं नव्हे

सुशांत परब नापास झाला तो खाकरल्यामुळे. विमान तो छान चालवायचा. पण गेल्या महिन्यात अंधेरीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये त्याची परीक्षा झाली आणि परीक्षक कॅप्टन नंदकिशोर वेलणकर यांनी उतरताना मुद्दाम चाकं खाली घेतलीच नाहीत. शेजारच्या सहवैमानिकाने अशा वेळी ओरडायला हवं. सुशांतने बघितलं आणि तो दोनदा खाकरला. विमान धावपट्टीवर पोटावर घसरत गेलं.

"मला दिसलं होतं सर," सुशांत म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"खाकरलो ना."

"खाकरणं म्हणजे सांगणं नव्हे, परब!" वेलणकर कडाडले. "कॅप्टन चुकला की तोंडावर सांगायचं. नाही ऐकलं तर पुन्हा सांगायचं. तरी नाही ऐकलं तर मोठ्याने 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि सरळ ताबा घ्यायचा!"

सुशांतचा तरी काय दोष? मुलुंडच्या त्यांच्या घरात वडिलांसमोर, म्हणजे धोंडू परबांसमोर, आजवर कुणी तोंड उघडलेलं नव्हतं. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण धोंडूंचा आवाज अजून यंत्रांच्या वरताण होता. त्या घरात खाकरणं म्हणजेच बंड.

आता शेवटची संधी म्हणून एक दिवस खऱ्या विमानात वेलणकरांबरोबर उडायचं होतं. तिथेही गप्प राहिला तर नोकरीवर पाणी. त्यात विशाल नावाच्या मित्राने आदल्या संध्याकाळी फोन करून त्याची उरलीसुरली झोप उडवली. "म्हातारा दिवसभर मुद्दाम चुका करतो रे. एक जरी सोडलीस ना, वाट लागली समज."

सकाळी जानकीने, सुशांतच्या आईने, डबा हातात दिला. "वांग्यात सोडे घातलंय. सायबाक पण वायच दी."

"आई, दोघा पायलटनी एकच जेवण जेवायचं नसतं. एकाचं पोट बिघडलं तर दुसरा धड राहायला हवा."

"माझ्या हातचा खाऊन कोणाचा पोट बिघाडला?" जानकीने विचारलं. सुशांतने डबा निळ्या पिशवीत टाकला.

कंपनीच्या गाडीत घाटकोपरला वेलणकर चढले आणि सुशांतचे डोळे त्यांच्यावर खिळले. त्यांचा एक बूट काळा होता, दुसरा चॉकलेटी.

"सर, तुमचे बूट वेगवेगळे आहेत," सुशांत खणखणीत आवाजात म्हणाला.

वेलणकरांनी खाली पाहिलं, मग त्याच्याकडे संशयाने पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली.

"सर, चष्मा कपाळावर आहे."

विमानतळावर त्यांनी चहात दुसरा चमचा साखर घातली.

"सर, साखर दोनदा घातलीत."

वेलणकरांनी कप खाली ठेवला. "खरं सांग परब, तुला जयंतीने माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय का?"

"जयंती कोण सर?"

"माझी बायको. मी काय खातो, काय पितो, सगळी खबर तिला लागते. कुठून लागते ते मला अजून कळलेलं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "आता एक शब्द जास्त बोललास तर बघ."

सुशांतच्या डोक्याचा पार भुगा झाला. 'बोलू नकोस' हीसुद्धा परीक्षा असेल का? इंदूरची फेरी धड झाली, पण दोघे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतच गेले आणि बघतच परतले.

दुपारी दुसऱ्या फेरीला प्रवासी चढून बसले आणि निघायला परवानगी मिळेना. रांग मोठी होती. विमान मुंबईतच उभं, समोर घाटकोपरच्या टेकडीवरची घरं उन्हात चमकत होती. "जेवून घेऊ," म्हणत वेलणकरांनी मागे हात घालून डब्याची पिशवी ओढली. कंपनीने दिवाळीला सगळ्यांना सारख्याच निळ्या पिशव्या दिल्या होत्या. त्यांनी झाकण उघडलं आणि सुशांत दचकला. आत सोड्याचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं वांगं होतं.

साहेब शाकाहारी आहेत, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ही चूक की चाचणी?

"सर..."

"आता काय?"

"काही नाही," सुशांत म्हणाला, आणि सवयीने खाकरला.

वेलणकरांनी पहिला घास घेतला. त्यांचे डोळे मिटले. दुसरा घास घेतला, तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप "आहाहा" निघालं. परीक्षा घेणारा माणूस इतकं मन लावून खात नाही, असं सुशांतला वाटलं. त्याच्या मांडीवर आता उरलेल्या पिशवीतला साहेबांचा डबा होता. त्यात बिनमिठाचा वाटावा असा दुधी होता.

शेवटचा घास पोटात गेला, इतक्यात हवाईसुंदरी गंधाली दार उघडून आत डोकावली आणि तिने नाक आक्रसलं. "सर, इथे कसला तरी विचित्र वास येतोय."

वेलणकरांनी चपळाईने डबा सीटखाली सारला. "मला तर येत नाही."

"येतोय सर. काही संशय आला की सांगायचं, असं तुम्हीच शिकवलंत. मी इंजिनीअरला बोलावते." ती गेली. उघड्या दारातून वास प्रवाशांत गेला आणि दुसऱ्या रांगेतल्या एका काकांनी उंदीर मेल्याचं जाहीर करून टाकलं.

इंजिनीअर धम्मपाल टॉर्च घेऊन हजर झाला. त्याने जोरात नाक ओढलं. "मला सर्दी झालीय यार, काही कळत नाही. पण तक्रार आली ना, म्हणजे वायर जळतेय का बघायला हवं. सगळे पॅनेल खोलतो. तीन तास धरून चाला."

"तीन तास?" गंधाली किंचाळली. "प्रवासी मला कच्चं खातील!"

सुशांतने वेलणकरांकडे पाहिलं. वेलणकर टेकडीकडे पाहत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलायला शिकवणारा माणूस तोंडात गुळणी धरून बसला होता. धम्मपालने स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"सर, तुम्ही सांगा ना," सुशांत हळूच म्हणाला.

वेलणकरांनी टेकडीवरची घरं मोजायला घेतली.

"सर, मला काळजी वाटतेय. प्लीज सांगा."

वेलणकरांनी घड्याळात पाहिलं. धम्मपालने पहिला स्क्रू फिरवला. सुशांतच्या डोळ्यांपुढे धोंडूंचा चेहरा आला, आणि तरीही तो ओरडला, "आय हॅव कंट्रोल!" वाकून त्याने सीटखालचा डबा ओढला आणि सगळ्यांसमोर धरला. "सोड्यांचा वास आहे! वांग्यातल्या! डबा माझा, खाल्ला साहेबांनी!"

धम्मपालने डब्यात नाक घातलं, खांदे उडवले आणि स्क्रू परत बसवला. गंधाली हसू दाबत प्रवाशांची समजूत काढायला पळाली.

वेलणकरांनी घसा साफ केला. "शाब्बास परब. पास."

"म्हणजे ही चाचणी होती सर?"

"अर्थात!"

सुशांतने डब्यात पाहिलं. डबा बोटाने निपटून काढलेला होता. चाचणीसाठी एवढं करावं लागत नाही, हे मात्र त्याने बोलून दाखवलं नाही. नोकरी वाचल्याच्या आनंदात त्याला साहेबांची उलट दयाच आली.

तेवढ्यात वेलणकरांचा फोन वाजला. नाव बघताच त्यांनी फोन सुशांतच्या हातात कोंबला. "जयंती! मी बाहेर गेलोय म्हणून सांग. आणि सोड्यांचं नाव काढू नकोस, तुझ्या पाया पडतो."

"हॅलो, मी परब, साहेबांचा सहवैमानिक," सुशांत म्हणाला.

"परब का?" पलीकडून आवाज आला. "हे जेवले का हो नीट? दुधी संपवला?"

दुधी सुशांतच्या मांडीवर जसाच्या तसा होता. समोर वेलणकर हात जोडून बसले होते. खरं सांगवेना, खोटं बोलवेना. सुशांत दोनदा खाकरला.

"असं होय?" जयंतीबाई म्हणाल्या. " बरं. घरी या म्हणावं, मग बघते." फोन बंद झाला.

"काय सांगितलंस तिला?" वेलणकरांनी अधीर होऊन विचारलं.

"काहीच नाही सर, आईशप्पथ! नुसता खाकरलो."

वेलणकरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खुर्चीत हळूहळू खाली सरकले.

"मेलो," ते म्हणाले. "अरे, लग्न झाल्यापासून घरी मी तेवढंच करत आलोय. तिला त्यातलं सगळं कळतं."